सेंडऑफच्या कार्डावर ‘भावी वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ लिहू नये, असं माझं ठाम मत आहे

विंगेतली

आमच्या कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमधली टीवायची एक ताई आता जातेय. तीन वर्षं तिने बॅकस्टेज सांभाळलं. परवा आम्ही अप्पा बळवंत चौकातून मोठा कार्डशीट पेपर आणला, मधोमध ग्रुपचा फोटो चिकटवला आणि भोवती प्रत्येकाने काहीतरी लिहायचं ठरलं. काल रात्री कार्ड माझ्याकडे आलं तेव्हा एकोणीस जणांचं लिहून झालं होतं. त्यातल्या चौदा जणांनी एक तर ‘भावी वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ लिहिलंय, नाही तर ‘मिस यू ताई, अशीच हसत राहा’. वाचून मला खरंच वाईट वाटलं. हे कार्ड कुठल्याही कॉलेजातल्या कुठल्याही ताईला दिलं तरी चालेल.

मला काय म्हणायचंय ते सांगते. गेल्या वर्षी मी एफवायला होते. ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला भरत नाट्य मंदिरात आमची एकांकिका होती. दुसऱ्या प्रवेशाआधी ब्लॅकआउटमध्ये लेव्हल, म्हणजे स्टेजवरचा लाकडी चौथरा, सरकवायची होती आणि मी पहिल्यांदाच विंगेत उभी. उजेड प्रेक्षकांत जाऊ नये म्हणून ताईने टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन रबरबँडने बांधलं होतं. तो टॉर्च तिने माझ्या पायापाशी धरला, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि कानाशी हळूच मोजलं, ‘चार, तीन, दोन, हं, चल.’ लेव्हल बरोबर रेडियमच्या खुणेवर बसली. कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि बॅकस्टेजचं काम असं लक्षात न येणं हेच तर त्याचं यश. टाळ्या, ‘अरे आव्वाज कुणाचा’, लेखन-दिग्दर्शन-अभिनयाची बक्षिसं हे सगळं उजेडातल्यांचं. तिचं काम जर आम्ही विंगेतल्यांनी कागदावर उतरवलं नाही तर ते कोण उतरवणार?

म्हणून म्हणते, प्रत्येकाने एकच गोष्ट लिहावी, पण फक्त आपणच पाहिलेली. तुम्हाला काय वाटतं?

पेठेतला जुना

मला पटलं नाही. ठरीव वाक्याला तुम्ही फार हलकं समजताय.

आमची पिढी पत्रं लिहायला शिकली ती मायन्यापासून. वडिलांना ‘तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि.’, बरोबरीच्याला ‘स. न. वि. वि.’, आणि शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. यातला एक शब्दही आमचा स्वतःचा नव्हता, तरी पाकीट पेटीत टाकताना जीव गलबलायचा. मी पहिल्यांदा परगावी निघालो तेव्हा आईने हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं.’ घरोघरच्या आया हेच म्हणत आल्या आहेत. म्हणून ते माझ्यासाठी नव्हतं का? सगळे म्हणतात तेच आपल्यालाही म्हटलं जावं, याचंही माणसाला बळ असतं.

दुसरं असं की, ग्रुपमध्ये जो जेमतेम महिन्याभरापूर्वी आला त्याने काय लिहावं? तुमच्या नियमाने तो ओढूनताणून आठवण तयार करील. त्या खोट्या आठवणीपेक्षा खरी शुभेच्छा कधीही बरी.

कर्वेनगरची, आता वाकडला

मी विंगेतलीच्या बाजूने. मी २०११ साली कॉलेज सोडलं, तेव्हा मिळालेलं कार्ड अजून माझ्याकडे आहे. मधल्या काळात तीन घरं बदलली, पुस्तकं वाटून टाकली, पण कार्ड प्रत्येक वेळी साड्यांच्या बॅगेत तळाशी ठेवून नेलं. त्यावर तीसेक जणांनी लिहिलंय. शुभेच्छांच्या ओळी कुणाच्या कुठल्या, हे आता सांगता येत नाही. एक ओळ मात्र तोंडपाठ आहे. आमच्या ज्युनियर मुलाने लिहिली होती: ‘ताई, तू माझ्या डब्यातली शेपूची भाजी खाल्लीस आणि आईला फोन करून कशी केली ते विचारलंस. आई अजून सगळ्यांना सांगते.’

मी तो फोन केला होता हे मी साफ विसरले होते. कार्डामुळे ते मला परत मिळालं. आपण कुणासाठी काय केलं ते बहुतेक वेळा आपल्यालाच ठाऊक नसतं. ते सांगायची संधी ज्युनियर्सना एकदाच मिळते.

लातूरची

मी त्या चौदा जणांसारखी आहे. मीही ‘भावी वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ एवढंच लिहिलं होतं, म्हणून हे लिहितेय.

मी पुण्यात आले तेव्हा होस्टेलवर होते. दुसऱ्या सत्रात घरून पैसे आले नाहीत. आमच्याकडे त्या वर्षी पाऊस नव्हता, आणि वडिलांना फोन करून मागायची माझी हिंमत होत नव्हती. मी मेसला जाणं बंद केलं आणि मैत्रिणींना डाएट करतेय म्हणून सांगितलं. रूमवरच्या ताईने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी काही न बोलता माझ्या उशीखाली मेसचं महिन्याचं भरलेलं कूपन ठेवलं. मी रडायला लागले तेव्हा एवढंच म्हणाली, ‘कुणाला सांगू नकोस, मीही सांगणार नाही.’

वर्षभराने तिच्या निरोपाचं कार्ड फिरत फिरत माझ्याकडे आलं. पंचवीस मुली ते वाचणार होत्या. तिच्याबद्दल फक्त मी पाहिलेली गोष्ट तीच होती, आणि ती न लिहिण्याचा शब्द मी दिला होता. मग मी पेन घेऊन बसून राहिले आणि शेवटी शुभेच्छा लिहिल्या. त्या ओळीत माझं सगळं होतं. तिने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या कुणाला ती ओळ पोकळ वाटली असेल, पण ती त्यांच्यासाठी नव्हतीच.

कृपा करून ओळ बघून माणसाचं मन मोजू नका.

परखड

खरंच लिहायचं तर पूर्ण खरं लिहा. ताई तालमीत चिडायची, एखाद्याला सगळ्यांसमोर बोलायची, तेही येऊ द्या. आपल्याकडे हे चालतं. २०२२ ला पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत तोडीची एकांकिका नाही म्हणून परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. ती मुलं खचली नाहीत, पुन्हा उभी राहिली. गोड बोलण्यापेक्षा खरं बोलणं हाच मान.

कर्वेनगरची, आता वाकडला

परखड, नाही पटत. परीक्षकांसमोर आपण निकाल घ्यायलाच उभे राहतो. निघालेल्या माणसाने कुणाकडे निकाल मागितलेला नसतो, आणि कार्डावर तिला उत्तर द्यायलाही जागा नसते. भांडण असेल तर चहा प्यायला बोलवा आणि समोरासमोर बोला.

शुद्धलेखनवाली

एक छोटी पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रोज जिला ‘ए ताई, तू’ म्हणता तिला कार्डावर एकदम ‘आपल्या भावी वाटचालीस’ कशाला? त्या ‘आपल्या’ने ती आत्ताच परकी होते. शुभेच्छा द्या, पण ‘तुझ्या’ म्हणून द्या. आणि जेल पेन नको, गुळगुळीत कागदावर ते पसरतं. साधं बॉलपेन घ्या.

विंगेतली

सगळ्यांचे आभार. लातूरची, तुझं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. त्या चौदा जणांत तुझ्यासारखं कुणी असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्यांना पुन्हा लिहायला सांगणार होते, ते आता सांगणार नाही.

काका, तुमच्याशी मात्र मी अजून भांडणार. मायन्याखाली मजकूर असायचा. आजोबांची पत्रं मी पाहिली आहेत. ‘शि. सा. न. वि. वि.’च्या खाली म्हैस व्यायली, विहिरीला पाणी कमी आहे, धाकट्याचा खोकला गेला, असं सगळं पानभर असायचं. आम्ही नुसता मायना लिहून पाकीट बंद करतोय, माझी तक्रार तेवढीच आहे. दह्याचं मात्र मनापासून पटलं. त्या दिवशी चितळ्यांकडून दही आणायचं काम मी घेतलंय.

आज कार्डाच्या पाठीमागे एक कोरं पाकीट चिकटवलं. ज्याला सगळ्यांसमोर लिहायचं नाही त्याने चिठ्ठी लिहून त्यात टाकावी, ती फक्त ताई उघडेल. संध्याकाळपर्यंत सहा चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या दोन त्या चौदा जणांतल्या आहेत, एवढं मी चिठ्ठी टाकताना पाहिलं.

आणि फोटोच्या खाली उरलेल्या जागेत बॉलपेनने मी लिहिलं: ‘ताई, लाल जिलेटीनचा टॉर्च माझ्याकडे आहे, सेल नवीन घातलेत. ऑगस्टमध्ये भरतला ये, आणि जाताना येते म्हण.’