जर्मन लिहून लोकांकडून तपासून घेतेय, पण त्याच चुका परत होतायत

मोडकंतोडकं_जर्मन:
आठ महिने झाले जर्मन शिकतेय. वाचलेलं कळतं, ऐकलेलं पण बऱ्यापैकी, लिहायला बसलं की मात्र अडतं, म्हणून लँगकरेक्टवर छोट्या नोंदी टाकायला लागले, तिथे जर्मन मातृभाषा असलेले लोक एकेक वाक्य दुरुस्त करून देतात. काल दहा ओळींत १४ चुका निघाल्या, त्यात एका वाक्याला दोघांनी दोन वेगळ्या दुरुस्त्या दिल्यात, आता खरं कुणाचं धरायचं? आणि वाचताना सगळं पटतं तरी आठवड्याने तीच चूक. तुम्ही कसं करता?

सामान्यरूप:
दोघंही बरोबर असू शकतात. एक जण व्याकरण चुकलं म्हणून बदलतो, दुसरा 'आम्ही असं बोलत नाही' म्हणून. त्यामुळे नोंदीखालीच लिहून टाक की फक्त चुकलेलं सांगा, शैली राहू द्या. कारण विचारलंस तर कधीकधी 'कानाला खटकतं' एवढंच उत्तर येईल, त्यात त्यांचा दोष नाही गं, 'भाऊबरोबर' का नाही आणि 'भावाबरोबर' का हे आपल्याला तरी कुणी अचानक विचारलं तर पटकन सांगता येतं का? जर्मनमध्ये 'मिट' (म्हणजे 'बरोबर') आलं की 'माइन ब्रूडर'चं (माझा भाऊ) 'माइनेम ब्रूडर' होतं ते थोडंफार तसंच. नियम व्याकरणाच्या पुस्तकात बघायचा, लोकांकडून कान घ्यायचा.

जुनी_वही:
मी लँग-८ वर जपानी लिहायचे, अशीच दुरुस्त करून देणारी, २००७ ला सुरू झालेली साईट, २०१७ मध्ये त्यांनी नवीन नोंदणी बंद केली तेव्हा फार वाईट वाटलं होतं. नामाला जोडायचे 'वा' आणि 'गा' हे प्रत्यय माझे कायम चुकायचे. दुरुस्त्या नुसत्या वाचून काही झालं नाही, फरक पडला तो परत लिहिण्याने. दोन दिवसांनी दुरुस्ती झाकून तीच नोंद पुन्हा लिहायची आणि मग ताडून बघायची, जे तेव्हाही चुकलं तेवढंच वहीत उतरवायचं, बाकी सोडून द्यायचं. यावर अभ्यासकांमध्येही वाद आहे, जॉन ट्रस्कॉटने १९९६ मध्ये लिहिलं होतं की लिखाणातलं व्याकरण दुरुस्त करून देण्याचा उपयोग नाही, ते बंदच करा, १९९९ मध्ये डॅना फेरिसने त्याला खोडून काढणारं उत्तर दिलं. मला स्वतःला वाटतं दुरुस्ती हवीच, पण ती मिळाल्यावर हात चालवायला लागतो.

रोज_पाच_ओळी:
+१. अजून एक, नोंद लहान ठेव. लांबलचक मजकूर तपासायला माणूस कंटाळतो आणि शेवटच्या ओळी तशाच राहतात. मी फ्रेंचसाठी रेडिटवरच्या राईटस्ट्रीक गटात रोज लिहितो, पाच ओळी, बस. आणि ज्याने वेळ दिला त्याला उत्तर द्यायचंच, शंका असेल तर त्याच वाक्यावर विचारायची. जमेल तसं दुसऱ्यांचं पण तपासत जा, आपल्या भाषेत परक्या माणसाचं वाक्य नेमकं कुठे अडखळतं ते दिसायला लागलं की आपल्या लिखाणाकडे पण तसंच बघता येतं.

मोडकंतोडकं_जर्मन:
खूप खूप आभार सगळ्यांचे 🙏 कालच्या १४ चुका वेगवेगळ्या करून बघितल्या तर त्यातल्या सहा एकच निघाल्या, क्रियापदाची जागा! डोक्यात 'काल मी' असतं म्हणून मी 'गेस्टर्न इश हाबे' लिहिते, पाहिजे 'गेस्टर्न हाबे इश', क्रियापद दुसऱ्या जागी. आज फक्त 'गेस्टर्न'ने सुरू होणारी पाच वाक्यं टाकतेय, कालची नोंद परवा झाकून लिहीन.