गावात मानसिक आरोग्याविषयी बोलायला सुरुवात कुठून करावी?

प्रश्न (शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)
महिला बचत गटाच्या मदतीने गावात मानसिक आरोग्यावर व्याख्यान ठेवावे, असा आमचा विचार आहे. मात्र ज्यांना त्याची खरी गरज आहे तीच माणसे, आपण तिथे दिसलो तर लोक काय म्हणतील या धास्तीने फिरकणार नाहीत, असे वाटते. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

उत्तर १ (निवृत्त आरोग्यसेवक, अमरावती)
ताई, आपली शंका रास्त आहे. व्याख्यानाला सरपंच येतात, शाळेतली मुले येतात. कर्जाच्या काळजीने रात्र-रात्र जागणारा शेतकरी येत नाही. आमच्या जिल्ह्यात 'संगाथ' या संस्थेने 'विश्राम' प्रकल्पात तीस गावांमध्ये स्थानिक कार्यकर्त्यांनाच प्रशिक्षण देऊन लोकांशी बोलते केले आणि त्यांच्या पाठीशी समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ उभे केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे तरीही बहुतेक जण बाहेरच राहिले, हेही ध्यानात ठेवावे.

उत्तर २ (आशा कार्यकर्ती)
आम्ही घरी गेल्यावर आजाराचे नाव काढत नाही. झोप लागते का, जेवण जाते का, शेतात जावेसे वाटते का, एवढेच विचारतो. आणि सुनेला विचारायचे असेल तर सासूबाई समोर नसताना. दुसरे असे, की देवऋषाकडे जाणाऱ्याला हिणवू नये, कारण हिणवलेला माणूस आपल्याकडे पुन्हा येत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील मीरा दातार दर्ग्यात तर दुआ मागायला आलेल्यांना तिथली सेवा पाहणारे मुजावरच औषधोपचारासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. फवारणीचे औषध घरात हाताशी न ठेवता कुलपात ठेवावे, हेही आम्ही प्रत्येक घरी सांगतो.

उत्तर ३ (समुपदेशक, नागपूर)
वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, पण एक अट घालतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर आपल्या भागात कोणत्या दिवशी येतात आणि गोळ्या तिथेच मिळतात का, याची खात्री केल्याशिवाय घरोघरी विचारपूस सुरू करू नये. मन मोकळे केलेल्या माणसाला पुढे कुठे न्यायचे हे ठाऊक नसेल, तर त्याचा विश्वास कायमचा उडतो. 'टेलि-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याच्या घरचे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळतात. त्यांना सांगावे, की २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवून शिक्षा करायची नसते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. व्याख्यान तूर्त रद्द करतो. सोमवारी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांचा वार विचारते आणि मगच आशाताईंना सोबत घेऊन गटाच्या बैठकीत विषय काढते.