अरबी अक्षरकला : लिपी, शैली की वळण?

प्रश्न
अरबी सुलेखनावरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात कूफी, नस्ख, सुलुस, नस्तालीक, दीवानी अशी नावं येतात. आपल्याकडे सर्रास ‘नस्तालीक लिपी’, ‘कूफी लिपी’ असं लिहिलेलं दिसतं. ते बरोबर आहे का? आणि या कलेला अरबीत ‘खत्त’ म्हणतात, त्याचा आपल्या ‘दस्तखत’शी काही संबंध?

प्रतिसाद
दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. संबंध थेट आहे. ‘खत्त’ म्हणजे रेघ, ओळ, आणि त्यावरून हस्ताक्षर. फारसीमार्गे तो आपल्या कचेऱ्यांत आला आणि खरेदीखत, गहाणखत, साठेखत यांत मुरला. दस्तखतातला ‘दस्त’ म्हणजे हात. (शेतात घालायचं खत निराळं.) कलम आणि दौत हेही अरबी, शाई फारसी ‘सियाही’वरून आलेली. आपण शाळेत गिरवतो तो कित्तासुद्धा अरबी ‘कित्आ’, म्हणजे तुकडा. सुलेखनाच्या एका सुट्या पानाला आजही कित्आच म्हणतात.

आता लिपी. लिपी एकच, अरबी. अक्षरं २८, फारसी आणि उर्दूने त्यांत आपली भर घातली. कूफी, नस्ख वगैरे ही ती लिहिण्याची वळणं आहेत. मोडीचं चिटणिशी वळण, बिवलकरी वळण असं आपण म्हणतोच की; त्या दोन लिप्या होत नाहीत. इतका नेमका शब्द घरात असताना ‘शैली’कडे तरी का जायचं? माझं मत ठामपणे ‘वळण’ला.

प्रतिसाद
‘वळण’ला अनुमोदन, पण एक भर घालते. वळण म्हटलं की ज्याच्या त्याच्या हाताची लकब डोळ्यांपुढे येते. इथे मात्र काटेकोर माप आहे, आणि लेखात ते यायलाच हवं. बोरूचं छाटलेलं टोक कागदावर तिरकं टेकवून किंचित ओढलं की पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा ठिपका उमटतो. हा ठिपका म्हणजे नुक्ता, हेच मापाचं एकक. असे ठिपके एकावर एक रचून अलिफची, म्हणजे पहिल्या, उभ्या रेघेसारख्या अक्षराची उंची ठरते: नस्खमध्ये साधारण पाच, सुलुसमध्ये सात. त्या अलिफला व्यास धरून वर्तुळ काढायचं आणि बाकीच्या अक्षरांचे बाक त्यावरून बसवायचे. बोरू जाड घेतला तर ठिपका मोठा, आणि अक्षरही त्याच प्रमाणात मोठं.

ही पद्धत बसवली बगदादच्या इब्न मुक्लाने (८८६–९४०). तो अब्बासी खलिफांचा तीनदा वजीर झाला आणि दरबारी राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला. हे वाचून मला दर वेळी हळहळ वाटते. पुढे इब्न अल-बव्वाबने हे काम नितळ केलं, तर याकूत अल-मुस्तासिमीने तेराव्या शतकात टोकाची छाट अधिक तिरकी करून त्यात नजाकत आणली.

प्रश्नकर्ती
मग वळणांच्या नावांचा अर्थ द्यावा का?

प्रतिसाद
जिथे अर्थाने चित्र स्पष्ट होतं तिथे जरूर द्या. कूफी हे इराकमधल्या कूफा शहरावरून. जाड, कोनदार, आडव्या रेघा लांब, जुन्या चर्मपत्री कुराणांत दिसणारं. नस्ख म्हणजे नक्कल करणं, ‘नुसखा’ त्याच धातूतला. पुस्तकं उतरवायचं आणि पुढे छापखान्याचं वळण. सुलुस म्हणजे एक तृतीयांश. इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘थुलुथ’ लिहू नका, दख्खनमध्ये हे शब्द फारसी उच्चारानेच आले.

नस्तालीकवर मात्र थोडं थांबा. नस्ख आणि तालीक मिळून ते झालं. तालीक म्हणजे लटकणं, आणि शब्द खरोखरच उजवीकडून डावीकडे उतरत जातो. उर्दू वाचकाला हेच वळण आपलं वाटतं. अक्षरं अशी उतरती असल्याने खिळे जुळवणं महाकठीण. म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कितीतरी दशकं कातिब, म्हणजे लेखनिक, हाताने लिहून काढत. १९८१ साली ‘नूरी नस्तालीक’ हा फॉन्ट आल्यावर संगणकावर ते काम होऊ लागलं.

प्रतिसाद
नस्तालीक भरभर लिहायला लागल्यावर जे झालं ते ‘शिकस्ता’, म्हणजे मोडलेलं. प्रयत्नांची शिकस्त करतो ती याच घरची. मोडी हे नावही ‘मोडणे’वरून, शिकस्ताच्या धर्तीवर आलं असं एक मत आहे. मराठ्यांच्या फारसी पत्रव्यवहारात शिकस्ता भेटतं आणि वाचताना घाम काढतं.

प्रश्नकर्ती
खूप आभार. एका चित्राखालची ओळ अशी केली आहे: ‘ताजमहालाच्या दरवाज्यावरील कुराणाच्या आयती, सुलुस वळण, अमानत खान शिराझी’. आणि दीवानीचं काय करू? ‘दिवाणी’ लिहिलं तर लोकांना कोर्ट आठवेल.

प्रतिसाद
चित्राची ओळ छान. दीवानीबद्दल म्हणाल तर कोर्ट आठवू दे. उस्मानी सुलतानांच्या दीवानातली, म्हणजे कचेरीतली फर्मानं त्या वळणात लिहीत, आणि आपली दिवाणी कोर्टंही त्याच दिवाणातून आली. पहिल्या उल्लेखाला एवढं एका वाक्यात सांगा आणि पुढे बिनधास्त ‘दीवानी वळण’ लिहा.