मदत हवी आहे: लहान मुलांसह क्रूझवर टिप किती आणि कोणाला द्यावी?

आम्ही दोघे, चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा असे प्रथमच सात रात्रींच्या क्रूझला निघालो आहोत. बहुतेक मोठ्या जहाजांवर सेवाशुल्क माणशी, दर दिवसाच्या हिशेबाने खात्यावर आपोआप लागते आणि काही कंपन्या 2 वर्षांखालील मुलांना त्यातून वगळतात, एवढे मला ठाऊक आहे. परंतु ज्या बाळासाठी शुल्कच नाही, त्याच्यामुळे केबिन सफाई करणाऱ्याला रोज पाळणा मांडावा लागणार, आणि जेवणाच्या टेबलाखाली सांडलेला भात वेटरला दोन्ही वेळा उचलावा लागणार. हे श्रम विनामोबदला राहू नयेत, असे मला मनापासून वाटते. अशा वेळी वेगळी रोख रक्कम पाकिटात घालून द्यावी का, आणि ती पहिल्या दिवशी की शेवटच्या रात्री? मुलांच्या क्लबमध्ये सांभाळणाऱ्या ताईंना हे सेवाशुल्क पोहोचते का, की त्यांचे निराळे पाहावे लागते? त्यांना रोख स्वीकारण्यास मनाई असल्यास व्यवस्थापनाकडे नावानिशी लेखी कौतुक कळवल्याने त्यांच्या नोकरीत खरोखर उपयोग होतो का? लहान मुलांसह प्रवास केलेल्यांनी कृपया प्रत्यक्ष अनुभव सविस्तर लिहावा.