मदत हवी आहे: नहाणी ट्रॅपभोवती (बाथरूमचं पाणी बाहेर जातं तो जमिनीतला सांडपाण्याचा भाग) गळती, सगळं वॉटरप्रूफ कोटिंग काढावं का?

बाथरूम ७ बाय ४ फूट, दुसरा मजला. जुन्या टाइल्स आणि ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा भराव) काढून स्लॅब उघडा केलाय. कोपऱ्यांना सिमेंटचा वाटा (गोलाई) मारून दोन घटकांच्या पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात दिलेत, एक उभा, एक आडवा, भिंतीवर फूटभर चढवून. इथवर ठीक.

पाणी भरून ४८ तास ठेवलं, तर खालच्या छताला फक्त ट्रॅपच्या पाइपाभोवती ओल आली. भिंतींकडची बाजू खडखडीत कोरडी. म्हणजे दोष पीव्हीसी आणि काँक्रीटच्या सांध्यातच. साधा सिमेंटचा माल गुळगुळीत पीव्हीसीला धरत नाही, सुकताना आकसतो आणि केसाएवढी फट सोडतो. (प्लंबर मंडळी इथे सर्रास पांढरं सिमेंट थापतात, त्याचाही तोच प्रकार.)

विचार असा आहे: पाइपाभोवती २५ मिमी रुंद खाच घ्यायची, पीव्हीसी सँडपेपरने खरवडायचा, नॉन-श्रिंक ग्राउट (सुकताना न आकसणारा पातळ सिमेंटचा माल) ओतायचं, वर फायबरग्लास जाळी दाबून पुन्हा दोन हात.

ग्राउट स्लॅबच्या पूर्ण जाडीत भरावं, की वरचे ५० मिमी पुरेत? नवं कोटिंग जुन्याच्या कडेवर १०० मिमी रुंद चढवलं तर धरेल का, आधी घासावं लागेल? ज्यांनी असा सांधा दुरुस्त केलाय त्यांनी सांगा. चाचणी पुन्हा होईपर्यंत उताराचा कोबा थांबवलाय.