दाखला देऊन काय साधणार?
सातवीतल्या पोराच्या दप्तरात तंबाखूचा मावा सापडला की सरळ शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यावा, असं या चर्चेत कोणीतरी म्हटलंय, ते पटलं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढताच येत नाही. छडी तर कलम १७ मुळे बादच. आणि काढलाच, तर दिवसभर बसणार कुठे? मावा विकणाऱ्या त्याच टपरीवर ना!

टपरीवाल्याबद्दल मात्र इथे कोणीच बोललं नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७: मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिल्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी, शिवाय १ लाखापर्यंत दंड. आमच्याकडे शाळा व्यवस्थापन समितीने हे कलम टपरीवर जाऊन वाचून दाखवलं, तेव्हा कुठे पोरांना विकणं थांबलं. सापडलेल्या पोराला सरांनी शाळा सुटल्यावर कबड्डीत घेतलं, आई शेतातून परत येईपर्यंत. मावा पूर्ण सुटलाय असं नाही म्हणणार, पण शाळा बुडवत नाही.