प्रतिसाद: हॅन्सेन यांचे दुसरे अर्धे काम

नवनवी पिके व फळांचे वाण शोधणारे वनस्पतितज्ज्ञ नील्स एबेसेन हॅन्सेन यांचे थोरपण रशियातून बियाणे आणण्यात आहे, असे एक मत मांडले गेले आहे; ते मला अपुरे वाटते. डेन्मार्कमध्ये १८६६ साली जन्मलेला आणि लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेला हा माणूस १८९७ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातर्फे रशिया व मध्य आशियातील तुर्कस्तानात (आजच्या तुर्की देशात नव्हे) गेला, तेथून त्याने थंडी आणि दुष्काळ सोसणारी लसूणघास (अल्फाल्फा हे चाऱ्याचे पीक) आणली, आणि तेवढ्यावर समाधान न मानता पुढच्या सफरींत सायबेरियातील पिवळ्या फुलांच्या, अधिक काटक जातीचा माग काढला, हे खरेच आहे.

परंतु अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यातील ब्रुकिंग्जच्या महाविद्यालयात त्यांनी केलेले संकराचे काम मला अधिक मोलाचे वाटते. तेथील माळावरची सँड चेरी म्हणजे बुटके, गोठवणाऱ्या हिवाळ्यातही तगणारे झुडूप. तिचा संकर त्यांनी मोठ्या फळाच्या, पण नाजूक प्लमशी केला. त्यातून निघालेल्या ‘सापा’ वाणाचे फळ कापले, की आतला गर गडद जांभळा दिसतो. डकोटा भाषेत सापा म्हणजे काळा. परदेशातून आलेल्या माणसाने आपल्या वाणांना त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतली नावे द्यावीत, याचे मला फार अप्रूप वाटते.